माथ्यावरचं पाणी आणि विचारलेला प्रश्न



आधी वावराची हालहवाल. कपाशीची तिसरी वेचणी परवा उरकली. फरदड ठेवणार नाही. गुलाबी बोंडअळीला आपणच घरात बसवून जेवू घालायचं, हे काम बंद. पऱ्हाट्या उपटून रान मोकळं करतोय. तूर शेंगेत वाळू लागलीय, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात काढणी धरलीय. हरभरा फुलात आहे, काही ओळींत घाटे दिसायला लागलेत. कामगंध सापळे लावले, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवल्या. मोसंबी आंबिया बहारासाठी ताणावर आहे. आपली जमीन काळी, ताण बसायला वेळ लागतो. पाणी सोडायची घाई करू नका.

एवढं झालं. आज बाकीचं पिकाबाहेरचं लिहितोय. नाताळाचा आठवडा आहे म्हणून.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, आमचं घर ख्रिस्ती. चार पिढ्यांचं. आमच्याकडे चर्चच्या लोकांनाही 'मंडळी' म्हणतात, त्यामुळं मी तुम्हाला मंडळी म्हटलं की घरातले हसतात. एका मंडळीला 'जय ख्रिस्त' म्हणतो, दुसऱ्या मंडळीला 'राम राम'. दोन्हीकडून उत्तर प्रेमानंच येतं.

परवा एक कृषी पदवीधर पोरगा बाग बघायला आला होता. ताण कसा ओळखायचा, पानगळ किती झाली की पाणी सोडायचं, हे सगळं विचारून झालं. जाताना गाडीला किक मारायच्या आधी म्हणाला, "काका, राग मानू नका. तुम्ही कोणाच्या पीकविम्याचे कागद भरता, कोणाला रात्री दवाखान्यात नेता, फवारणीच्या दिवसांत लोकांच्या मागं फिरता. हे तुमच्या धर्माचा प्रचार म्हणून का?"

राग आला नाही. प्रश्न चांगला आहे. सध्याच्या दिवसांत तो बऱ्याच जणांच्या मनात असतो, तोंडावर विचारणारा एखादाच. त्याला उभ्या उभ्या थोडक्यात सांगितलं. इथं जरा सविस्तर मांडतो.

आमच्या पवित्र शास्त्रात पेत्राची दोन पत्रं आहेत. हा पेत्र मूळचा मासे धरणारा कोळी, कष्टाचा माणूस. पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो जे सांगतो ते माझ्या भाषेत असं: तुमच्या जगण्यात जी आशा दिसते ती कुठून आली, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. आणि उत्तर देताना आवाज खाली ठेवा, समोरच्याचा मान ठेवा.

यातली एक गोष्ट शेतकऱ्याला लगेच कळेल. पेत्रानं गृहीत धरलंय की लोक विचारतील. लोक कधी विचारतात? काहीतरी दिसल्यावर. शेजाऱ्याचा प्लॉट हिरवागार दिसला की आपण बांधावर जाऊन विचारतो, वाण कोणता, खताचा डोस काय, पाणी किती दिवसांनी. ज्याचं पीक पिवळं पडलंय त्याला वाण कोणी विचारत नाही. आणि कोणी न विचारताच तो गावभर वाण सांगत सुटला, तर लोक म्हणतात याला कंपनीकडून काहीतरी मिळत असणार.

तेव्हा तयारी दोन बाजूंची. एक, विचारावंसं वाटेल असं काम. दोन, विचारल्यावर द्यायचं उत्तर. दोन्ही आधी करून ठेवायची असतात. पाऊस सुरू झाल्यावर बांध घालायला निघालेल्याच्या शेतात पाणी थांबत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातलीच एक जुनी गोष्ट. आजच्या पोरांना ती फारशी माहीत नसते.

जालन्याजवळ इंदेवाडीला 'बेथेल' नावाची वसाहत उभी राहिली होती. बेथेल म्हणजे देवाचं घर. ती वसवली नारायण शेषाद्री यांनी. हे जन्मानं ब्राह्मण, मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी केवढा गदारोळ झाला ते इतिहासात आहे. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, कोर्टानं घरच्यांच्या ताब्यात परत दिलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका घरात दोन भाऊ, एक इकडं, एक तिकडं. धर्माचा निर्णय तेव्हाही स्वस्त नव्हता.

नारायण शेषाद्री १८५४ साली पाळक झाले आणि पुढच्या दशकात जालन्यात आले. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात. त्यांच्या शिकवणीकडं आले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे, मांग आणि महार समाजातले लोक. आता त्या काळची गावची रीत आठवा. धर्म बदलला की गावकी तुटायची, बलुतं बंद व्हायचं. जमीन नावावर नाही, विहिरीवर चढायला मुभा नाही. मग या माणसानं काय करायचं? नुसती प्रार्थना करून रात्रीची भाकरी कुठून आणायची? शेषाद्रींनी हा प्रश्न ओळखला. सर सालारजंग दिवाण होते, त्यांच्याकडून शेषाद्रींनी वसाहतीसाठी जमीन मिळवली. घरं उभी राहिली, विहिरी खणल्या, शाळा आली, उपासनेची जागा आली. १८७३ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन बोललेला हा विद्वान माणूस, इथं मात्र जमीन, पाणी आणि घर याच्या मागं धावला.

मला या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात, आणि दोन्ही लिहिल्या पाहिजेत. शेषाद्रींनी माणसाचा आत्मा वेगळा आणि पोट वेगळं असं धरलं नाही, हे मोठं काम. पण श्रद्धा आणि जमीन एकाच ठिकाणी मिळू लागली की गावाला म्हणायला जागा राहते, 'हे भाकरीसाठी गेले'. दुष्काळाच्या सालात मिशनकडं गेलेल्यांना हे बोलणं सगळीकडंच खावं लागलं. आमच्या पणजोबांनीही खाल्लं असणार. खरं सांगू का, उपाशी माणसानं भाकरी देणाऱ्यावर विश्वास ठेवला तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. बलुतं तोडणाऱ्यांना कोणी विचारलं नाही, भाकरी देणाऱ्याला मात्र हेतू विचारला. पण संशय उरला तो उरलाच. चार पिढ्यांनंतरही माझ्या बांधापर्यंत येतो.

तो कसा आला ते सांगतो.

२०१२ ला पावसानं दगा दिला. २०१३ चा उन्हाळा जालना जिल्ह्यात ज्यानं बघितला तो विसरणार नाही. गावोगाव टँकर, आणि मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड. ज्या फळावर आपला जिल्हा ओळखला जातो त्याचं सरपण झालं. माझी विहीर वडिलांनी खणलेली, झरा बरा. तरी मार्चमध्ये दिवसाला पाऊण तास मोटर चालेल एवढंच पाणी. माझी दीडशे झाडं. शेजारच्या तात्यांची विहीर फेब्रुवारीतच तळाला गेलेली, आणि त्यांची दोनशे झाडं, नऊ वर्षांची, ऐन उत्पन्नातली.

घरात यावर बोलणं झालं. माझी बायको म्हणाली, "आपली दहापाच जातील. त्यांची तर सगळीच जातील." तिथंच ठरलं. पाऊण तासातली वीस मिनिटं तात्यांच्या बागेला.

तांत्रिक माहिती विचाराल म्हणून लिहून ठेवतो. एवढ्या पाण्यात बहार धरता येत नाही, फक्त झाड जगवता येतं. दोन्ही बागांतली होती नव्हती ती फळं तोडून टाकली. बुंध्याभोवती सोयाबीनच्या भुसकटाचं जाड आच्छादन केलं. वाळत चाललेल्या फांद्या हलक्या छाटल्या, खोडाला बोर्डो पेस्ट लावली. झाडाच्या घेरात मडकी पुरून त्यात पाणी भरलं, म्हणजे थेंब थेंब मुळापाशी. पाण्याची पाळी पहाटे, ऊन चढायच्या आत. पहिला पाऊस पडेपर्यंत तात्यांची एकशे साठ झाडं तगली. माझी नऊ गेली.

शेजाऱ्याला पाणी देणं यात काही नवल नाही, आपल्याकडं पाण्याची देवघेव चालतेच. पण महिना दीड महिना हे रोज चालल्यावर पारावर कुजबुज सुरू झाली. 'पाणी पाजून बाटवायला निघालाय.' माझ्या कानावर आलं. मी कोणाला काही बोललो नाही, पहाटे मोटर सुरू करत राहिलो.

एक दिवस दिवेलागणीला तात्या स्वतःच बांधावर आले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, गळ्यात माळ, दर वर्षी आषाढीला पायी जाणारे. बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापू, खरं सांग. तुला यातून काय पाहिजे? माझं रान पाहिजे? का मला तुमच्यात घ्यायचंय?"

मी म्हटलं, "तात्या, यातलं काहीच नको. उद्या तुम्ही माझ्या देवाला शिव्या घातल्या तरी परवा पहाटे मोटर सुरू होईल."

"मग काऊन करायचं एवढं? आजच्या जमान्यात कोणी फुकट करतं का?"

आता हा विचारलेला प्रश्न होता. इथं 'काही नाही, असंच' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. माझ्या पणजोबांना याच गावात विहिरीवर चढू देत नव्हते. घागर घेऊन खाली उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर पाणी. त्यांना कोणीतरी सांगितलं की देव स्वतः खाली उतरून आला, गोठ्यात जन्मला, आणि त्यानं तुझी जात विचारली नाही. त्यांनी ते धरलं. आम्ही शिकलो, आजोबा जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय झाले, त्यांच्या पगारातून ही चार एकर आली, वडिलांनी विहीर खणली. तात्या, यातलं माझं कमावलेलं किती? जे मला फुकट मिळालं ते दावं लावून कसं बांधून ठेवू? मी येशूला मानतो म्हणजे एवढंच मानतो की तो असा देणारा आहे, आणि मला त्याच्यासारखं व्हायचंय. जमतं तेवढं करतो."

तात्या खाली बघत होते. विहिरीचं बोलणं त्यांना लागलं असावं, कारण ते घर तेव्हा पाण्यावर चढणाऱ्यांतलं होतं. मी ते हिशेब मागायला काढलं नव्हतं, पण खरं कारण सांगायचं तर ते टाळूनही चालत नव्हतं. शेवटी उठताना म्हणाले, "आमच्या कीर्तनात पण बुवा हेच सांगतात. करताना मात्र कोणी दिसत नाही." दुसऱ्या दिवशी पारावर तेच बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही, पण कुजबुज थांबली.

तात्या आजही वारकरीच आहेत. आषाढीला जातात तेव्हा त्यांच्या म्हशीची धार माझ्याकडं असते. नाताळला ते सगळ्यात आधी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. कोणी विचारेल, मग तुझ्या सांगण्याचा उपयोग काय झाला? मी काही गणती ठेवत नाही. विचारलं, सांगितलं. पुढचं त्यांचं आणि देवाचं. पेरणाऱ्याचा दृष्टांत येशूनं शेतकऱ्यांपुढंच सांगितला होता. बी कुठं पडतं, कुठं उगवतं, हे पेरणाऱ्याच्या हातात नाही, एवढं तर आपल्याला पहिल्या पावसालाच कळतं.

आता दुसरी गोष्ट. ती पुस्तकातल्यापेक्षा जास्त तुमच्या माझ्या शेतात दिसते.

फादर हर्मन बाखर हे नाव पाणलोटात काम केलेल्या जुन्या माणसांना माहीत असेल. मूळचे स्वित्झर्लंडचे, जेझुइट धर्मगुरू, १९४८ साली भारतात आले. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्यांनी शेतकऱ्यांबरोबर आयुष्य काढलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना आकाराला आली. जर्मन सरकारची मदत, नाबार्डची साथ. गावांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी 'वॉटर' ही संस्था उभी केली. आपल्या भोकरदन भागात त्या संस्थेचं काम पुढं झालेलं आहे.

याच इंडो-जर्मन कार्यक्रमातून १९९६ पासून जालना तालुक्यातल्या कडवंचीचं पाणलोटाचं काम झालं. करणारी संस्था आपली मराठवाडा शेती सहाय्य मंडळ, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची. पुढाकार विजयअण्णा बोराडे यांचा. कडवंचीबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं? समतल चर, बांधबंदिस्ती, माती नाला बांध, मग शेततळी आणि द्राक्षबागा. २०१२ च्या दुष्काळात बाकी जिल्हा होरपळत होता तेव्हा लोक ते गाव बघायला जात होते.

कार्यक्रमाच्या अटी काय होत्या ते आठवा. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, गावाची एकी. कोण कुठल्या देवाला हात जोडतो ही अट नव्हती. आणि असती तरी चालली नसती, कारण पाणलोटाचं कामच तसं आहे. माथा ते पायथा. वरच्या माथ्यावर चर खणल्याशिवाय खालचा बांध टिकत नाही. मधल्या एखाद्या भावकीशी वाकडं आहे म्हणून त्यांचा पट्टा सोडला, तर पहिल्याच मोठ्या पावसात तिथून ओघळ फुटतो आणि खालच्या सगळ्यांची माती वाहून जाते. पाणलोटात माणसं निवडता येत नाहीत. सगळं क्षेत्र घ्यावं लागतं, नाहीतर काहीच राहत नाही.

मला सेवेचं गणित इथं कळतं. एका धर्मगुरूच्या मनातून निघालेलं काम, त्याच्या श्रद्धेतूनच निघालेलं, हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळ्यांच्या शिवारात मुरलं. मुरलेल्या पाण्यावर नाव कोणाचं नसतं. पण फादर बाखर कोण होते हे त्यांनी लपवलं असंही नाही. धर्मगुरू म्हणूनच लोक त्यांना ओळखत होते. काम सगळ्यांसाठी, ओळख उघडी, अट कोणतीही नाही. तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर संशयाला हळूहळू जागा कमी होते. पूर्ण संपत नाही, पण कमी होते.

एवढं सगळं डोक्यात ठेवून मी स्वतःसाठी काही नियम केलेत. ख्रिस्ती वाचकांसाठी लिहितो, पण बाकीच्यांनाही ते आपापल्या परीनं चालतील.

१. मदतीला अट नाही. आधी नाही, नंतरही नाही. 'एकदा उपासनेला या' हे मदतीनंतर लगेच म्हणणं हीसुद्धा अटच. समोरच्याला नाही म्हणताना संकोच होईल अशा वेळी ते म्हणायचंच नाही.

२. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्यापुढं धर्म सांगायचा नाही. दवाखान्यातल्या खाटेवरचा माणूस, सावकाराच्या तगाद्यात अडकलेला माणूस, घरात मयत झालेलं माणूस. राज्यघटनेच्या २५ व्या कलमानं सगळ्यांनाच आपला धर्म मानायची, आचरायची आणि सांगायची मुभा दिलीय. पण त्याच कलमात सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्यही आहे, आणि ते समोरच्याचंही आहे. खाटेवरच्या माणसाला पाणी द्यायचं, औषधाची चिठ्ठी घेऊन पळायचं, त्याच्या घरी जाऊन जनावरांना वैरण टाकायची. तो बरा झाल्यावर, आपल्या पायांवर उभा राहून त्यानं विचारलं, तर मग बघू.

३. विचारलं तर लपवायचं नाही. भीतीपोटी गप्प बसणं म्हणजे चांगला वाण सापडल्यावर शेजाऱ्याला चुकीचं नाव सांगण्यासारखं आहे. मात्र उत्तर दोन मिनिटांचं. त्यानं पुढं विचारलं तर पुढं. माझ्या श्रद्धेचं सांगताना त्याच्या श्रद्धेला नावं ठेवायची गरज पडत असेल, तर समजायचं की आपल्याकडं सांगायला फारसं काही नाही.

४. काम नीट आलं पाहिजे. नुसता चांगला हेतू उपयोगाचा नाही. उदाहरण फवारणीचं घ्या. २०१७ साली यवतमाळला फवारणी करणारे किती जण विषबाधेनं गेले ते आपण पाहिलं. कोणाला चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढं अंधारी, घाम, लाळ असं काही दिसलं तर फवारणी तिथंच थांबवा. माणसाला उघड्या हवेत आणा. भिजलेले कपडे उतरवा, अंग साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. जबरदस्तीनं उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा. आणि औषधाची बाटली किंवा लेबल दवाखान्यात बरोबर न्या, कारण उपचार त्यावर ठरतो. हे पाच मिनिटांत सगळं आठवलं पाहिजे. मी लेबलावरच्या त्रिकोणाचा रंग वाचायला गावातल्या पोरांना शिकवतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. हीच माझी साक्ष, असं मी पाळकांना सांगतो, आणि ते मान हलवतात.

५. सरवा सोडायचा. हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. काढणी झाल्यावर शेतात पडलेली कणसं, शेंगा, बोंडं गरिबाला वेचू द्यायची, ही आपल्या मुलखाची जुनी रीत. आमच्या शास्त्रातही हाच नियम आहे: शेताचे कोपरे साफ कापू नका, पडलेलं परत वेचू नका, ते परदेशी, विधवा आणि गरिबाचं. रूथ नावाची विधवा, परक्या मुलखातली, बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, त्यावर एक अख्खं पुस्तक आहे. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. बवाज गड्यांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम थोडं पडू द्या, आणि तिला बोलू नका. म्हणजे देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची काळजी. आता हार्वेस्टर आलं, सरवा कमी झाला. म्हणून मी सोयाबीनच्या वेळी एक पोतं बाजूला ठेवतो आणि मळणीच्या जागेवर चाळायला ज्यांना यायचं त्यांना येऊ देतो. चाळलेलं त्यांचं.

६. घ्यायलाही तयार राहायचं. हा नियम सगळ्यात अवघड. द्यायचीच सवय लागली की माणूस हळूच मालक होतो, आणि गावाला ते बरोबर कळतं. वडील गेले तेव्हा आमच्या घरात तीन दिवस चूल पेटली नाही. भाकरी, पिठलं, चहा, सगळं तात्यांच्या आणि समोरच्या बौद्ध वस्तीतल्या घरांतून आलं. कबर खणायला गावातली दहा पोरं आली, आमच्या मंडळीतली दोनच होती. ते घेतलं आम्ही. ज्या देवाला मी मानतो तोही समरीच्या विहिरीवर एका परक्या बाईकडं पाणी मागायला बसला होता. मागितलं, मग बोलणं झालं.

शेवटी त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. प्रचार म्हणून करतो का? नाही. श्रद्धेमुळं करतो का? हो. या दोन्हीत फरक आहे. तो फरक बोलून पटवता येत नाही. पाच दहा वर्षं एका गावात राहून, सगळ्यांच्या पट्ट्यात सारखं काम करून, लोकांनाच तो दिसावा लागतो. ज्यांना नाही दिसला त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचाही पीकविम्याचा कागद मी भरतो.

आणि आपल्या ख्रिस्ती तरुणांना एक सांगायचंय. सध्या भीती आहे, मला माहीत आहे. कोण काय व्हिडिओ काढेल, कोण काय म्हणेल. भीतीनं दोन गोष्टी होतात. काही जण तोंड मिटून घेतात, नाव सांगायलाही लाजतात. काही जण चिडून मोठ्यानं बोलायला लागतात. दोन्ही नको. आपलं रान नीट करा, शेजाऱ्याचं रान आपलं समजा. कोणी विचारलं तर बसा, पाणी द्या, आणि खरं सांगा.

नाताळाला सकाळी आम्ही उपासनेला जाऊ. दुपारी दोननंतर घर उघडं आहे. करंज्या, शंकरपाळे, चिवडा झालाय, चहा चुलीवरचा. जवळपासचे असाल तर या. मोसंबीच्या ताणाबद्दल बोलायचं असेल तरी या, धर्माबद्दल काही विचारायचं असेल तरी या, आणि दोन्हीतलं काही नसेल तर नुसतं जेवायला या.

तुरीच्या मळणीला ज्यांच्याकडं माणसं कमी पडतायत त्यांनी रविवार सोडून कुठलाही दिवस सांगा. मी आणि दोन गडी येऊ. ताडपत्री आमची.